दारातले घोडे: सीमाभागातल्या आठवणी

या धाग्याचा या वेळचा विषय घोड्यांचा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड या पट्ट्यात ज्यांच्या दारात घोडा होता त्या सगळ्यांनी लिहावं, ही आग्रहाची विनंती. एकाच लाडक्याबद्दल लिहून थांबू नका. आयुष्यात जे जे पाळले ते क्रमाने सांगा: नाव, रंग, कुठून आणला, काय काम करायचा आणि शेवटी कुठे गेला.

शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारतोय. बाजारात घोडा कसा पारखला, दात कसे बघितले, अंगावरचे केसांचे भोवरे कसे तपासले हे माणसं रंगवून सांगतात. तो घरातून गेला कसा असं विचारलं की विषय बदलतो. बैलाला निदान बेंदूर आहे, त्या निमित्ताने जुन्या जोड्यांची नावं घरात निघतात. घोड्याच्या गळ्यात दसऱ्याला झेंडूची माळ पडायची, तेवढंच. त्यामुळे ही नावं दोन पिढ्यांत पुसली जातात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

माझ्यापासून सुरुवात करतो. आम्ही शहापूरचे. आजोबा विणकरांच्या सुताच्या गाठोड्यांची वाहतूक घोडागाडीतून करायचे. आधी मोती, सब्जा म्हणजे करड्या-पांढऱ्या रंगाचा, म्हातारपणी जवळजवळ पांढरा झालेला. तो आमच्याच परड्यात गेला. नंतर काशी नावाची घोडी. आजोबा वारल्यावर काकांनी ती मिरजेकडच्या एका व्यापाऱ्याला दिली. घरात पैशाची गरज होती. ती पुढे कोणाच्या दारात उभी राहिली हे आम्हाला कळलं नाही.

बेळगाव, टांगेवाल्याची मुलगी

माझ्या वडिलांचा टांगा रेल्वे स्टेशनवर असायचा. मिरजेकडून आणि लोंढ्याकडून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा आम्हा पोरांना पाठ, कारण घोड्याचं खाणं त्याच वेळांवर ठरायचं. भरल्या पोटी घोडा जुंपायचा नाही, हा बाबांचा नियम. हरभरा रात्री भिजत घातलेला असायचा. पहाटे खरारा करून अंग घासून झालं की कोंड्यात तो कालवून तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी, चढवायचा. घोड्याच्या दातांखाली हरभरा फुटण्याचा आवाज ऐकत मी अभ्यास केलाय.

मला आठवणारा पहिला घोडा राजा. कुमैत, म्हणजे अंग तांबूस-तपकिरी आणि आयाळ, शेपूट काळी. चारही पाय आणि तोंड पांढरं असलं की पंचकल्याणी म्हणतात आणि त्याला भाव जास्त. राजाचे मागचे दोनच पाय पांढरे होते. कोणी ते काढलं की बाबा म्हणायचे, "दोन कल्याणं हाईत की गा, आम्हाला तेवढी बास." राजा शांत होता. स्टेशनच्या गर्दीत लगाम न धरता उभा राहायचा. चढ आला की बाबा स्वतः खाली उतरून त्याच्याबरोबर चालायचे, सवारी कितीही घाईत असो. गुडघे गेल्यावर त्याला खानापूरकडच्या आमच्या मावशीच्या शेतावर ठेवला. तिथे तो दोन पावसाळे जगला.

मग बिजली. मिरजेहून आणलेली, अंगाने देखणी, पण बसच्या हॉर्नला बिचकायची. बाबांनी तिला डोळ्यांच्या बाजूला लावायची मोठी ढापणं शिवून घेतली आणि पहिले काही दिवस रहदारी नसताना पहाटेच जुंपली. हळूहळू सरावली. ती गाभण राहिली तेव्हा पोट दिसायला लागल्यावर बाबांनी टांगा बंदच ठेवला. घोडी अकरा महिने वागवते. घरात पैसा येत नव्हता, आई शेजारच्यांच्या पापड-शेवया करून द्यायची. बेळगावच्या पावसात, मध्यरात्री, कंदिलाच्या उजेडात शिंगरू झालं. तासाभरात लटपटत उभं राहिलं. आईने बिजलीला गूळ-ओवा घालून पेज दिली. बाळंतिणीचंच सगळं केलं तिचं.

शिंगराचं नाव सोन्या. माझा धाकटा भाऊ आणि तो एकत्रच वाढले. सोन्या जाणता झाला तेव्हा बाबांनी तो वरातीसाठी घोडे देणाऱ्या एका माणसाला विकला. दोन घोड्यांची चंदी, म्हणजे दाणा-खुराक, आम्हाला परवडणारी नव्हती, हे मला आज कळतं. भाऊ कितीतरी दिवस बाबांशी बोलला नाही. सोन्याच्या कपाळावर वाकडा पांढरा टिकला होता. पुढे लग्नसराईत गणपत गल्लीतून वरात निघाली की आई नवरदेवाकडे न बघता घोड्याच्या कपाळाकडे बघायची. एकदा दिसला, असं ती म्हणायची. मी तेव्हा सासरी होते. बिजली मात्र म्हातारी होऊन आमच्या दारातच गेली.

शेवटचा सुलतान. तोवर स्टेशनवर रिक्षांची रांग टांग्यांपेक्षा लांब झाली होती. परवाना परत केल्यावरही बाबांनी सुलतानला ठेवला. रोज संध्याकाळी त्याला नुसतं चालवून आणायचे. लोक म्हणायचे, बसवून खायला का घालता? बाबा उत्तर द्यायचे नाहीत. त्याने वर्षानुवर्षं आमच्या फिया भरल्या होत्या, माझ्या लग्नाचा मांडव घातला होता. त्याला बसून खायचा पूर्ण हक्क होता. गेला तेव्हा गल्लीतल्या बारा माणसांनी खड्डा खणला, मीठ घालून पुरला.

रायबाग तालुका, धनगरवाडा

आमच्यात टांगा नाही, खोगीर नाही. आमचा घोडा म्हणजे चालतं घर. आज्जीला विचारून लिहितोय.

पावसाळ्यात आमची मेंढरं इकडे कोरड्या मुलखात असतात, कारण जास्त पाऊस मेंढराला मानवत नाही. पीक निघालं की वाडा, म्हणजे आमचा माणसं-मेंढरांचा तळ, पश्चिमेकडे निपाणी-कागलच्या बाजूला सरकतो. रात्री शेतात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, त्याबदल्यात धान्य नाहीतर पैसे आम्हाला. पुरुष मेंढरांमागे आणि घोडं बायकांच्या ताब्यात. पाल, भांडी, पीठ, कोंबड्या, त्या दिवशी जन्मलेली कोकरं आणि वर लेकरू, हे सगळं घोड्यावर लादायचं काम आज्जीने आयुष्यभर केलं. वजन दोन्ही अंगाला सारखं बसलं पाहिजे. एका बाजूला जड झालं की पाठीला जखम होते आणि पाठ फुटलेलं घोडं म्हणजे वाडा थांबला.

आज्जीने सांगितलेली यादी अशी: तांबडी, ढवळी, परत एक तांबडी, चांदरी, आणि आता आहे ती काळी. सगळ्या घोड्याच. अंगाने लहान, खूर टणक, नाल कधी मारली नाही. ढवळीच्या पाठीवर माझे वडील वाढले. रस्त्यात ओढ्याला पाणी आलं तेव्हा आज्जीने तिच्यावर लेकरू तसंच ठेवून शेपूट धरली आणि ढवळीने दोघांना पलीकडे काढलं. आज्जी म्हणते, "माझ्या नवऱ्यानं मला कधी असं धरलं न्हाई."

शेवटी कुठे गेल्या म्हणाल तर पहिली तांबडी हायवेवर ट्रकखाली. चांदरी चोरीला गेली, चिंचलीच्या यात्रेच्या गर्दीत, मायाक्काचं दर्शन घेऊन आलो तर खुंटा रिकामा. ढवळीबद्दल विचारलं तर आज्जी उठून चुलीकडे गेली. मी परत विचारलं नाही.

धागाकर्ता

आज्जींना आमचा नमस्कार सांगा. आणि पुन्हा विचारू नका, बरोबर केलंत.

अंकली, कृष्णाकाठ

घोडा आमच्या मालकीचा नाही, तरी लिहितो, कारण अख्खं गाव त्याला आपला मानतं. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढचे अश्व आमच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून जातात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासूनचा हा मान. एका अश्वावर जरीपटका, म्हणजे जरीचं निशाण, घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी, त्यावर माऊली बसतात. दोघेही अंकलीहून आळंदीपर्यंत पायी जातात आणि तिथून पुढे वारी.

निघायच्या दिवशी माझी आई उंबऱ्यात भाकरी-गूळ घेऊन उभी राहायची. अश्व रिंगणात धावला की लाखभर माणूस त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतो, पण आम्ही त्याला एरवी साध्या उन्हात अंग झटकताना पाहिलेला असतो. 2018 साली त्यातला हिरा वारीतच पुण्यात गेला. बातमी आली त्या संध्याकाळी आमच्याकडे चूल पेटली नाही.

कागवाड

माझे घोडे शर्यतीचे. आमच्याकडे घोडा-बैल लावतात, म्हणजे एका गाडीला एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला बैल. बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं. खरं कसब तिथेच आहे. दोघांची चाल वेगळी, बळ वेगळं, भीतीही वेगळी. महिनोन्‌महिने एकत्र चालवून, शेजारी बांधून त्यांची ओळख करून द्यावी लागते.

पहिली पाखरी, काठेवाडी वळणाची, कानांची टोकं आत वळलेली. तिच्याबरोबर खिल्लार बैल सर्जा. दोघांचं इतकं जमलं की सर्जाला दवाखान्यात नेलं तर पाखरी वैरण सोडायची. मग वाघ्या. तो 2014 सालच्या मे महिन्यात ऐन भरात होता आणि सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. शर्यत नाही तरी खुराक तोच. आजूबाजूचे बरेच जण घोडे विकून मोकळे झाले, मी वाघ्याला उसाच्या बांधावरून फिरवत राहिलो. 2023 साली घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले तेव्हा त्याचं वय होऊन गेलं होतं. तो अजून आहे. आता माझी नात त्याच्यावर बसते.

निपाणी

वरच्या काकांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण शर्यतीत चाबूक आणि टोचणी चालते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दलही लिहिलं पाहिजे.

कागवाड

चालते. माझ्या गाडीवर चाललेली नाही. ज्याला घोडा हाकेवर पळवता येत नाही त्याने घोडा ठेवू नये, हे मी मैदानातही बोललोय आणि त्यापायी भांडणंही घेतलीत.

धागाकर्ता

निपाणीकरांचा मुद्दा मला पटतो आणि काकांचं उत्तरही. टोचणी लावणाऱ्याला मैदानातून बाहेर काढायची हिंमत आयोजकांनी दाखवली पाहिजे, माझं मत स्पष्ट आहे.

चिकोडी, निवृत्त पशुवैद्य

माझा स्वतःचा एकच घोडा, मुश्की म्हणजे काळा, नाव भैरू. त्याच्यापेक्षा इतरांच्या घोड्यांबद्दल सांगतो, कारण बहुतेकांचा शेवट मी पाहिलाय आणि तो बऱ्याचदा टाळता आला असता. घोड्याला ओकारी करता येत नाही. गेलं ते खालीच जाणार. लग्नाच्या मांडवात कोणी प्रेमाने भात, जिलेबी, पोळ्या भरपूर चारल्या की रात्री पोटशूळ. घोडा पोटाकडे वळून बघतो, पाय आपटतो, घाम फुटतो, सारखा लोळू पाहतो. तेव्हा खाणं लगेच काढून घ्या, डॉक्टर येईपर्यंत हळूहळू चालवत ठेवा आणि कोणाच्या सांगण्यावरून तेल-ताक नळीने ओतू नका, ते फुप्फुसात जातं. दुसरं, धनुर्वात. जनावरांत घोड्याला तो फार लवकर होतो, एक गंजका खिळा पुरतो. लस दरवर्षी टोचून घ्या.

भैरू वयाने गेला, पंचविशी ओलांडून. मोठं भाग्य.

बेळगाव, शाळामास्तर

आमच्या दारात घोडा नव्हता. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत बालशिवाजी म्हणून मला ज्या घोडीवर बसवलं तिचं नाव राणी, एवढं नोंदवून ठेवा. मालक रात्रभर तिच्या तोंडापाशी उभा राहून कानात बोलत होता, म्हणून ती ढोल-ताशांत शांत राहिली.

अथणी

मी या यादीत बहुधा सगळ्यात लहान. माझी ही पहिलीच घोडी. गेल्या वेळी अकलूजच्या घोडेबाजारातून वडिलांनी आणली, मारवाडी रक्ताची, चार वर्षांची. नाव अजून ठरलेलं नाही. वरचं सगळं वाचून बाबांना दाखवलं, तर ते म्हणाले की पणजोबांकडेही एक अबलख, म्हणजे पांढऱ्या ठिपक्या-पट्ट्यांचा, घोडा होता. हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं नाव मात्र आता कोणालाच आठवत नाही.

एक अडचण आहे. आमच्या भागात नालबंद, म्हणजे नाल मारणारा, सापडत नाही. खूर वाढलेत आणि ती डावा पुढचा पाय जरा जपून टाकते. कोणाला माहीत असेल तर सांगा.

बेळगाव, टांगेवाल्याची मुलगी

आधी पाय जपून का टाकते ते डॉक्टरांना दाखव, त्याआधी नालेचं बघू नको. खुराच्या तळाशी मऊ भाग असतो तिथे खडा रुतलाय का, वास येतो का, ते आज रात्रीच बघ. खूर महिन्याला साधारण बोटाच्या अर्ध्या रुंदीएवढा वाढतो, दीड महिन्याला तासून घ्यावाच लागतो. शेतातल्या मातीवरच फिरवणार असशील तर नाल नसली तरी चालेल. डांबरी रस्त्यावर नेणार असशील तर हवी. मिरजेत एक जाणते नालबंद आहेत, बाबांच्या ओळखीतल्या घरातले. नंबर तुला वेगळा पाठवते. जाताना घोडीला गाडीत उपाशी नेऊ नको, वाळलं गवत सोबत ठेव.