ॲलन बीन गेले. त्यांच्या चंद्राला एवढे रंग कुठून आले?

तैलरंग

शनिवारी, 26 मे 2018 रोजी ॲलन बीन गेले. 86 वर्षांचे होते. बातम्यांमध्ये ‘चंद्रावर चाललेला चौथा माणूस’ असं आलं आणि ते खरंच आहे, पण माझ्यापुरता एक चित्रकार गेला. 1981 मध्ये नासा सोडली आणि पुढची छत्तीस-सदतीस वर्षं या माणसाने जवळजवळ एकच विषय रंगवला. शनिवारपासून माझ्या हातात ब्रश धरवत नाहीये.

मी हौसेने अवकाशचित्रं काढतो. चंद्र सगळ्यात जास्त. आणि खरं सांगायचं तर बीन यांच्याशी माझं मनातल्या मनात जुनं भांडण होतं. त्यांची चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चंद्राचा करडा रंग जमवण्यात महिनेच्या महिने घालवत होतो. नुसता काळा-पांढरा मिसळला की करडा मेल्यासारखा दिसतो, म्हणून अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी घ्यायचे, मग थेंबभर पांढरा, मग पुन्हा छायाचित्राशी ताडून बघायचं. इतकं करून मी वर पाहतो तर ज्याच्या बुटांना ती माती लागली त्याच माणसाच्या चित्रात जमीन कुठे जांभळट, कुठे हिरवट, कुठे नारिंगी. मला राग आला होता. जाऊन आलेल्या माणसानेच असं करावं?

राग पुढे ओसरला, पण प्रश्न कधी सुटला नाही. त्यांना पत्र लिहायचं असं कितीदा ठरवलं होतं. आता ते राहूनच गेलं. ज्यांनी त्यांचं काम नीट पाहिलंय त्यांना विचारतो: त्यांना तिथे हे रंग खरोखर दिसले होते का? आणि नसतील दिसले, तर का काढले?

रात्रजागर

नाही, दिसले नव्हते. सूर्य कुठे आहे त्यानुसार चंद्राची माती करडी किंवा थोडी तपकिरी दिसते, त्यापलीकडे फारसं काही नाही, आणि बीन यांनीही ते कधी लपवलं नाही. ते फ्रेंच चित्रकार मोने यांचे भक्त होते. मोने यांनी फ्रान्समधल्या रूआं शहराच्या एकाच चर्चचा दर्शनी भाग किती वेगवेगळ्या रंगांत काढला आहे ते आठवा. दगड तोच, उजेड वेगळा. बीन चित्रकलेकडे वळेपर्यंत अंतराळवीरच होते, त्यामुळे अचूकपणा सोडायला त्यांना बराच काळ लागला असणार.

पण तुमचा प्रश्न वाचून मला दुसरीच गोष्ट आठवली. बीन ज्या मोहिमेत गेले त्या अपोलो 12 ने नोव्हेंबर 1969 मध्ये चंद्राच्या पृष्ठभागावर पहिला रंगीत टीव्ही कॅमेरा नेला होता. अपोलो 11 चं तिथलं प्रक्षेपण कृष्णधवल होतं. पहिल्याच फेरीत कॅमेरा तिकाटण्यावर बसवायला नेताना बीन यांच्या हातून तो चुकून सूर्याकडे वळला आणि त्याची चित्र टिपणारी नळी जळाली. त्यानंतर जगाला नुसते बीन आणि त्यांच्यासोबत उतरलेले पीट कॉनरॅड यांचे आवाज ऐकू येत राहिले. मी त्यांचं कुठलंही चित्र बघतो तेव्हा ही गोष्ट मनातून जात नाही. त्याचा चित्रांशी संबंध जोडायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मृगशीर्ष

मला यातलं पटत नाही, आणि आज हे लिहिणं बरं दिसणार नाही हेही कळतं. तरी लिहितो, कारण हा माणूस मलाही प्रिय होता.

ज्यांना जाता आलं नाही त्यांनी अचूकतेसाठी काय काय केलं बघा. फ्रेंच अवकाशचित्रकार ल्युसियाँ रुदो दुर्बिणीतून चंद्राची कडा न्याहाळत बसले आणि डोंगर गोलसर आहेत हे त्यांनी ओळखलं. अमेरिकन अवकाशचित्रकार चेस्ली बोनस्टेल यांनी तेच डोंगर सुळक्यांसारखे उभे केले, ते चुकले. त्यांचं टायटन या शनीच्या चंद्रावरून दिसणाऱ्या शनीचं 1944 चं चित्र किती जणांना या वाटेला घेऊन आलं असेल, पण त्यातलं निळं आकाशही चूकच निघालं. 2005 मध्ये हॉयगेन्स यान उतरलं तेव्हा तिथे नारिंगी धुकं होतं. पण त्या वेळी जेवढं ठाऊक होतं तेवढ्याशी ते इमान राखून होते. आणि ज्याला सगळं ठाऊक होतं, त्याने ते बाजूला ठेवलं. मला हे खटकतं.

खरखरीत

मृगशीर्ष, बाजूला ठेवलं असं कसं म्हणता? जरा चित्राच्या पृष्ठभागाकडे बघा.

ते प्लायवूडवर ॲक्रिलिकने काढायचे. रंग देण्याआधी जाड थर लावायचे आणि तो ओला असताना त्यावर खुणा उमटवायचे. कशाने? चंद्रावर ध्वजाची काठी ठोकायला वापरलेल्या हातोडीने, आणि ब्राँझच्या चंद्रबुटाच्या तळव्याने. तुम्ही जे रंग बघताय ते या खाचांमध्ये बसलेले आहेत.

आणखी एक सांगते, कारण मला सगळ्यात जास्त हेच लागतं. त्यांच्या पोशाखावरचे कापडी बिल्ले त्यांना आठवण म्हणून मिळाले होते. ते मळलेले आहेत आणि तो मळ म्हणजे चंद्राची धूळ आहे, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. मग त्यांनी त्या बिल्ल्यांचे बारीक बारीक तुकडे कापले आणि चित्रांत मिसळले. दुसऱ्या कुणी ते काचेमागे ठेवले असते.

अपोलो 12 च्या बिल्ल्यावर चार तारे आहेत. माणसं तीन होती. चौथा तारा क्लिफ्टन विल्यम्स यांचा. ते 1967 मध्ये विमान अपघातात गेले, नाहीतर बीन यांच्या जागी चंद्रावर तेच उतरले असते. तो तारा असावा ही सूचना बीन यांचीच, आणि विल्यम्स यांचे वैमानिकाचे पंख त्यांनी चंद्रावर ठेवले. म्हणून मला रंगांबद्दल वाद घालावासाच वाटत नाही.

रात्रजागर

तुमचं वाचून त्यांचं ‘द फॅब्युलस फोटो वी नेव्हर टुक’ पुन्हा काढून पाहिलं. पीट कॉनरॅड आणि ते स्वतः कॅमेऱ्यासाठी सेल्फ टायमर गुपचूप घेऊन गेले होते. आधी उतरलेल्या सर्व्हेयर 3 या मानवरहित यानाशेजारी दोघांनी एकत्र उभं राहायचं आणि फोटो कुणी काढला हे पृथ्वीवरच्यांना कळू द्यायचं नाही, असा बेत होता. ऐन वेळी टायमर पिशवीत सापडलाच नाही. तो फोटो मग बीन यांनी रंगवला.

आणि दुसऱ्या एका चित्रात त्याच मोहिमेतले तिसरे अंतराळवीर डिक गॉर्डन चंद्रावर उभे आहेत, दोघांच्या सोबत. गॉर्डन कधी उतरलेच नव्हते. ते वरून एकटे घिरट्या घालत होते. कॉनरॅड 1999 मध्ये गेले, गॉर्डन 2017 च्या नोव्हेंबरात, आणि आता बीन. तिघं एकत्र उभे आहेत ते फक्त त्या चित्रात.

मृगशीर्ष

गॉर्डन यांचं चित्र मी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. डोंगर-आकाशाबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे, पण या चित्रापुढे ते लावता येत नाही.

तैलरंग

सगळ्यांचे आभार. खरखरीत, चार ताऱ्यांचं मला माहीत होतं, पण धुळीचे तुकडे आणि तो तारा एकाच बिल्ल्यावरचे हे कधी जोडून पाहिलं नव्हतं. काल रात्री त्यावरच बराच वेळ बसून होतो.

पत्रात मी त्यांना विचारणार होतो की रंग खोटे का. आता विचारायचं झालं तर वेगळं विचारीन: गॉर्डन यांना चंद्रावर उभं करताना त्यांची सावली कुठल्या बाजूला पाडायची हे कसं ठरवलं?

मी स्वतः करडा सोडणार नाही. माझ्याकडे तिथली आठवण नाही, छायाचित्रं आहेत. त्यांतून जांभळा काढला तर तो बीन यांचाच जांभळा होईल, माझा नाही. त्यांनी तो जाऊन आणला होता.

एक विचारायचं राहिलं. हातोडीच्या खुणा छापील प्रतीत कितपत दिसतात? माझ्याकडच्या पुस्तकात सगळं सपाट छापलंय. बाजूने उजेड टाकून काढलेलं एखाद्या मूळ चित्राचं जवळचं छायाचित्र कुणाकडे असेल, तर कृपया इथे टाका. बुटाचा ठसा पाहायचाय.