मदत हवी आहे: खाली दुकानं, वर फ्लॅट. बदलापूर पश्चिमेला करारनाम्याआधी काय तपासू?

घरशोध

बदलापूर पश्चिमेला एका नव्या प्रकल्पात २ बीएचके बघतो आहे. तळमजल्यावर १४ दुकानं, पहिल्या मजल्यावर ऑफिसचे गाळे, दुसऱ्या ते अकराव्या मजल्यापर्यंत ६० फ्लॅट. जोतं झालंय, तिसरा स्लॅब चालू आहे. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे थेट गाळ्यांच्या डोक्यावर. रेरा कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) ४६ चौ. मी. किंमत ४२,८०,००० आणि झाकलेल्या पार्किंगचे २,५०,००० वेगळे. टोकन एक लाख दिलंय, अलॉटमेंट लेटर मिळून दहा दिवस झालेत. करारनाम्याचा मसुदा मागितला की "बँकेनं प्रकल्प मंजूर केलाय" एवढंच ऐकायला मिळतं.

नुसत्या रहिवासी इमारतीबद्दल वाचायला भरपूर मिळतं, दुकानं असलेल्या इमारतीबद्दल फारसं नाही. कागद, दुकानांचा त्रास, मेंटेनन्स आणि पूर, या चार गोष्टींवर नेमकं सांगाल का?

सातबारा_वाचक

आधी तुमची तारीख सांभाळा. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) नमुना अलॉटमेंट लेटरप्रमाणे पत्र दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काहीही कापता येत नाही. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० मध्ये दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के. तुमच्या किमतीवर १ टक्का म्हणजे ४२,८०० रुपये. हातात जास्तीत जास्त पाच दिवस आहेत. मसुदा आणि मंजूर नकाशा आजच ईमेलनं मागा, तोंडी नको. तुमच्या पत्रातलं कलमही वाचून घ्या, ते नमुन्यापेक्षा वेगळं असेल तर तिथेच विचारा. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार मनाई आहे, तेव्हा "आणखी चार लाख भरा, मग मसुदा देतो" हे मान्य करू नका.

बँकेची मंजुरी ही बँकेच्या पैशांच्या सुरक्षिततेपुरती असते. आणि रेरा नंबर असला म्हणजे बांधकाम परवानगी खरी आहे असंही समजू नका. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवली गेली होती, आणि त्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये दिला. त्यात अडकलेली माणसं कर्जाचे हप्ते भरणारी साधी कुटुंबं आहेत. म्हणून महारेराच्या पानावरून बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन जुळवा. तिथे तीन गोष्टी विचारा: परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे, जोते तपासणी दाखला दिलाय का, आणि शेवटचा सुधारित नकाशा कोणत्या तारखेचा. तोंडी उत्तर मिळत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून तो आजच टाकायचा.

सातबाऱ्यावर मालकाचं नाव सगळेच बघतात. तुम्ही "इतर हक्क" रकाना बघा, बोजा आणि कुळाची नोंद तिथे असते. भोगवटादार वर्ग २ दिसलं तर सरकारी परवानगीचा आदेश मागा. गेल्या ३० वर्षांचा टायटल शोध अहवाल घेऊन त्यातले फेरफार क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहा.

घरशोध

रद्द करण्याच्या मुदतीची कल्पनाच नव्हती. ईमेल आत्ता करतो. जीएसटी एक टक्का की पाच? विक्री कार्यालयात दोन माणसांनी दोन उत्तरं दिली.

सातबारा_वाचक

बांधकाम चालू असलेल्या घराला १ टक्का दर लागायला दोन अटी आहेत. मुंबई महानगर प्रदेशात कार्पेट ६० चौ. मी. पर्यंत आणि एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत. बदलापूर या प्रदेशात येतं. गोची "एकूण" या शब्दात आहे, कारण त्यात पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, मजल्याचा जादा भाव असं सगळं धरतात. ४२,८०,००० वर १ टक्क्यानं ४२,८०० होतात. पार्किंग धरलं की ४५,३०,०००, आणि त्यावर ५ टक्के म्हणजे २,२६,५००. ३० हजारांनी मर्यादा ओलांडल्यामुळे कर पावणेदोन लाखांहून जास्त वाढतो. किंमत ४५ लाखांच्या आत बसवून मागा, ही मागणी अगदी रास्त आहे. मात्र पार्किंगचे पैसे वेगळ्या पावतीवर किंवा रोख देऊन आकडा खाली दाखवू नका. ती रक्कम करारनाम्यात नसेल तर त्या जागेवर तुमचा हक्कही कागदावर राहत नाही.

उघडं पार्किंग विकताच येत नाही, झाकलेलं येतं. त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतली जागा करारनाम्याला जोडलीच पाहिजे, असं महारेराचं २०२४ चं परिपत्रक आहे.

जोतं_ते_गच्ची

बांधकामाच्या बाजूनं लिहितो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट असल्यामुळे हे तुम्हाला सगळ्यांत जास्त लागू आहे.

फ्लॅटची संडास-बाथरूम वरपासून खालपर्यंत एकाखाली एक असतात, त्यामुळे पाइप सरळ उतरतो. पण खाली दुकान आलं की दुकानाच्या मधोमध पाइप कोणालाच नको असतो. मग तो दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबखाली आडवा वळवून बाजूच्या शाफ्टमध्ये नेतात. दहा मजल्यांचं पाणी आणि मैला ज्या वळणावर आदळतो, ते वळण तुमच्या फ्लॅटच्या पायाखाली. तुंबलं की पाणी पुढे जात नाही, आणि वर चढून सर्वांत खालच्या फ्लॅटच्या, म्हणजे तुमच्या, नहाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीतून) बाहेर येतं. दुरुस्तीला गाळ्याचं फॉल्स सीलिंग उघडावं लागतं आणि गाळेवाला कुलूप लावून गावाला गेलेला असतो.

यावर उपाय बांधतानाच होतो. दुसऱ्या मजल्याची लाइन वरच्या मजल्यांच्या उभ्या पाइपला न जोडता वेगळी थेट चेंबरपर्यंत न्यायची. आडव्या १०० मिमी पाइपला साधारण १:४० उतार, वळण एका काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशांच्या दोन बेंडनी, आणि साफसफाईचं झाकण गाळ्यात नव्हे तर सामाईक पॅसेजमध्ये. तुमचा तिसराच स्लॅब चालू आहे, म्हणजे पाइप अजून लागलेले नाहीत. आर्किटेक्टकडून प्लंबिंगचा नकाशा मागायची हीच वेळ.

दुसरी गोष्ट खांबांची. दुकानाला रुंद दर्शनी भाग हवा असतो, फ्लॅटला भिंतीत लपणारे खांब. हे जमलं नाही की वरचा खांब खाली जमिनीपर्यंत न नेता तुळईवर उभा करतात. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार भूकंपाचा भार घेणाऱ्या रचनेत असा तरंगता खांब चालत नाही, आणि त्या आवृत्तीत आपला भाग भूकंपाच्या झोन ३ मध्ये येतो. तळमजल्याचा आणि दुसऱ्या मजल्याचा नकाशा ट्रेसिंगवर एकमेकांवर ठेवा आणि लिफ्टच्या काँक्रीट भिंती व खांब जुळतात का बघा. न जुळणारा प्रत्येक खांब पेन्सिलीनं गोल करून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी खुलासा घ्या.

खाण्याच्या दुकानाचं तर आत्ताच ठरवा. चुलीचा धूर आणि फोडणीचा वास न्यायला तळमजल्यापासून गच्चीच्या वरपर्यंत स्वतंत्र डक्ट लागतो. तो नसला की एक्झॉस्ट पंखा मागच्या चौकात लावतात, आणि तिथेच तुमच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. स्वयंपाकघराच्या सांडपाण्याला चेंबरआधी ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारी छोटी टाकी) हवाच. गरम तेल पाइपातून पातळ जातं, चेंबरमध्ये गार होऊन मेणासारखं थिजतं, आणि मग ते खरवडूनच काढावं लागतं.

सोसायटी_दप्तर

मेंटेनन्स. सहकारी सोसायटी झाली तर दुकानदारही सभासद असतात. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्यांना समान, लिफ्टचा खर्चही ती ज्या इमारतीत आहे तिथल्या सगळ्यांना समान, वापरा किंवा न वापरा. तळमजल्याचे गाळेवाले इथेच हरकत घेतात, तेव्हा हा नियम पहिल्या सभेच्या आधीच वाचून ठेवा. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के. पाणी नळजोडण्यांच्या संख्येवर आणि आकारावर. एखाद्या गाळ्यातल्या मालामुळे विम्याचा हप्ता वाढला तर ती वाढ त्या गाळ्यानं भरायची.

बिल्डर अपार्टमेंट कायदा १९७० खाली घोषणापत्र करणार असेल तर गणित बदलतं. तिथे प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत ठरतो, आणि मोठ्या गाळ्यांचं वजन जास्त पडू शकतं. मसुद्यात कोणती संस्था होणार हे स्पष्ट लिहिलेलं असू द्या. शिवाय गच्ची, दर्शनी भिंतीवरचे जाहिरात फलक, मोबाइल टॉवर आणि पुढचा एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) यांचे हक्क बिल्डरनं स्वतःकडे राखलेत का, तेही पाहा.

अग्निसुरक्षेचं प्रपत्र ब (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. त्याचा खर्च आणि जबाबदारी सगळ्या इमारतीची, दुकानं धरून.

घरशोध

पुराचं कोणी सांगेल? प्लॉट उल्हास नदीपासून अर्धा किलोमीटरच्या आत आहे.

जोतं_ते_गच्ची

मग हे कागदाइतकंच महत्त्वाचं. पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडीच्या बाजूला पाणी शिरतं हे सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०१९ च्या त्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती. नकाशावर निळी (नदीजवळची) आणि लाल (तिच्याबाहेरची, जास्त मोठ्या पुराची) पूररेषा दाखवलीय का बघा. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकामच होत नाही. निळ्या आणि लालच्या मध्ये परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर हवं.

जोतं वर असलं तरी बाकीच्या गोष्टी खाली राहून जातात. जमिनीखालच्या टाकीचं झाकण फरशीला सपाट असेल तर पुराचं गढूळ पाणी थेट पिण्याच्या टाकीत. झाकणाची कड उचललेली हवी. मीटर रूम, पंप आणि लिफ्टचं पॅनेल किती उंचीवर आहे ते फुटात विचारा.

पाण्याचं गणितही करून ठेवा. ६० फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ४०,५०० लिटर. ४० खुर्च्यांचं हॉटेल आलं तर खुर्चीला ७० प्रमाणे आणखी २,८००. टाकीची क्षमता यावर तपासा आणि आगीसाठीचा साठा त्यात धरू नका. जीवन प्राधिकरणाची नळजोडणी दुकानांना वेगळी आहे का, हेही विचारा.

घरशोध

नकाशा मिळाला. आडवा पाइप माझ्या बाथरूमखालीच आहे, वेगळी लाइन नाही. धुराचा डक्ट पहिल्या मजल्यावरच संपतो. विक्री कार्यालय म्हणतं, "खाली मेडिकल आणि किराणाच येणार."

सातबारा_वाचक

तोंडी वाक्य नोंदणीच्या दिवशी संपतं. दुकानांचे करारनामे वेगळे होतात, तुमच्या करारनाम्यातल्या कलमानं गाळेवाला बांधला जात नाही. म्हणून मजकूर दोन्हीकडे हवा: "तळ व पहिल्या मजल्यावरील कोणत्याही गाळ्यात उघड्या चुलीवर वा गॅसवर अन्न शिजवण्याचा व्यवसाय, गच्चीपर्यंतचा स्वतंत्र धूरमार्ग व ग्रीस ट्रॅप असल्याशिवाय करता येणार नाही, ही अट सर्व गाळ्यांच्या करारनाम्यांत समाविष्ट केली जाईल." आधीच विकलेल्या गाळ्यांच्या करारनाम्याची नमुना प्रत बघायला मागा. डक्ट वाढवायचा तर सुधारित मंजुरी लागेल, आणि इमारतीच्या नकाशात बदल करायला रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती.

जोतं_ते_गच्ची

पाइपाची वेगळी लाइन अजून होऊ शकते, आर्किटेक्टच्या सहीचा नवा प्लंबिंग नकाशा करारनाम्याला जोडून घ्या. ते देत नसतील तर त्याच भावात चौथ्या किंवा त्यावरच्या मजल्याचा फ्लॅट मागा. दोन्ही नाही म्हणाले तर पंधराव्या दिवसाच्या आत रद्द करण्याचं पत्र द्या, पोच घेऊन.