अपाची शेवटच्या पन्नास फुटांत दगडासारखं खाली येतं, कुठे चुकतोय मी? (डीसीएस)

देवळाली_गाव

नमस्कार मंडळी. आमच्या डोक्यावरनं लहानपणापासून हेलिकॉप्टरं जातात, नाशिकला गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे ना, तिथली चेतक आणि चीता. शाळेच्या ग्राउंडवर मॅच चालू असली तरी आवाज आला की बॉलर थांबायचा आणि सगळे वर बघायचो. पायलट काय होता आलं नाही, पण ती ओढ गेली नाही, म्हणून दिवाळीच्या सेलमध्ये डीसीएस या कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरचं अपाची हेलिकॉप्टर घेतलं, एएच-६४डी. तीन महिने झाले. रोज रात्री मुलगी झोपली की तासभर बसतो.

मशीन साधंच आहे, रायझेन ५, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६०. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम काठी आणि तिच्यासोबत येतो तो थ्रॉटल. पेडल नाहीत, काठी पिळून काम भागवतो.

आता अडचण. स्टार्ट-अप चेकलिस्ट न बघता करतो, पुढच्या सीटवरच्या जॉर्जला (गेमच चालवतो तो साथीदार) टार्गेट दाखवून हेलफायर मिसाइल मारता येतात, सरळ उडतं, वळतं, सगळं ठीक. पण उतरता येत नाही म्हणजे येतच नाही. ६० नॉट्सने येतो, ३०० फुटांवरनं नाक वर करून स्पीड कमी करतो, अगदी छान चाललंय असं वाटत असतं आणि पन्नासएक फुटांवर आलं की पायाखालची फळी काढल्यासारखं खाली जातं. मी कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) ओढतो, नाक उजवीकडे गरकन फिरतं, मी काठी डावीकडे पिळतो, मग ते कलंडायला लागतं, ते सावरेपर्यंत पातं जमिनीला लागलेलं असतं. काल रात्री गेममधल्या कोबुलेतीच्या विमानतळावर सात वेळा हेच झालं. व्हिडिओ बघून झाले, त्यात सगळे "हळूहळू उतरवा" एवढंच सांगतात. अपाची बाजूला ठेवून आधी ह्यूई हे साधं हेलिकॉप्टर घ्यावं का? कोणी नीट समजावून सांगेल का.

रोटर_आरपीएम

भाऊ, तू इतकं नीट लिहिलंयस की व्हिडिओ न बघताही दिसतंय. एकामागोमाग दोन वेगळ्या गोष्टी होतायत आणि तुला ती एकच वाटतेय.

पहिली गोष्ट. हेलिकॉप्टर पुढे जात असतं तेव्हा पात्यांना सतत नवी, स्वच्छ हवा मिळते, त्यामुळे कमी ताकदीत जास्त उचल मिळते. साधारण १६ ते २४ नॉट्सच्या खाली आलास की ते संपतं आणि हेलिकॉप्टर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बसतं. म्हणजे बरोबर त्या क्षणी इंजिनाकडून जास्त ताकद लागते. आणि तू त्या क्षणी काय करत असतोस? नाक वर करून ब्रेक मारताना ते वर चढू नये म्हणून कलेक्टिव्ह जवळजवळ तळाला नेलेला असतो. इथेच घोडं पेंड खातंय. शून्यातून एकदम भरपूर ताकद ओढायला जातोस, मग टॉर्कने (पंख्याच्या उलट्या पिळाने) नाक उजवीकडे जातं, त्याला डावं पेडल देतोस, त्या पेडलने शेपटीच्या पंख्याचा जोर वाढतो आणि तो अख्खं हेलिकॉप्टर उजवीकडे ढकलतो, त्यासाठी काठी डावीकडे हवी. तू म्हणतोस ते कलंडणं हेच आहे. एक कंट्रोल हलला की बाकी दोन हलवावेच लागतात, आणि ते अर्धा सेकंद *आधी* हलवावे लागतात, नाक फिरल्यावर नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. स्पीड जवळजवळ नाही, इंजिनाची ताकद लावलेली आहे आणि मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली येतोयस, हे तिन्ही जुळून आलं की व्होर्टेक्स रिंग. पात्याच्या टोकाची हवा फिरून परत वरनं आत येते आणि पाती आपलीच हवा चावत बसतात. त्यात कलेक्टिव्ह ओढणं म्हणजे चिखलात रुतलेल्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबणं, जितकं दाबशील तितकं खोल. सुटका म्हणजे काठी पुढे ढकलून स्पीड घेणं, पण त्याला उंची लागते आणि पन्नास फुटांवर ती नसते. म्हणून तिथे पोचायचंच नाही.

करायचं काय, तर कलेक्टिव्ह शेवटी ओढायचा नसतो, तो दोनशे फुटांपासून किंचित किंचित वर येत राहिला पाहिजे. हेल्मेटच्या चित्रात वर डाव्या कोपऱ्यात टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा, आकडा आहे ना, पुढचे आठ दिवस फक्त तो बघ. स्पीड ४० वरनं २० ला येताना तो आकडा चढताना दिसला पाहिजे. चढत नसेल तर तू पडणार आहेस, आत्ताच परत फिर, पुढे नाक घाल आणि वळसा मारून ये. रिअल पायलटसुद्धा अ‍ॅप्रोच सोडून देतात, त्यात कमीपणा काही नाही.

कोल्हापुरी_ह्यूई

वरचं सगळं पटलं, पण माझं मत वेगळं आहे, आधी ह्यूईच घे. अपाचीत आत एक कॉम्प्युटर बसलाय जो तुझ्या चुका पोटात घालतो, एसएएस म्हणतात त्याला, आणि त्याची ताकद बोटभरच असते. ती संपली की सगळं एकदम तुझ्या हातात येतं आणि तुला कळत नाही काय झालं. ह्यूईत तसलं काहीच नाही, पहिल्या मिनिटापासून सगळं तुझ्याच अंगावर. पहिले चार दिवस नाकी नऊ येतात पण पाचव्या दिवशी हात बसायला लागतो आणि तो बसलेला हात मग कुठल्याही हेलिकॉप्टरला उपयोगी पडतो. विकत घ्यायची घाई नको, स्टीमवर नसशील, स्टँडअलोन व्हर्जन असेल, तर मॉड्यूलची १४ दिवसांची फ्री ट्रायल मिळते. चौदा दिवस पुरे झाले.

एक सांगून ठेवतो, मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या यात. ह्यूईत थ्रॉटल वेगळा असतो, कलेक्टिव्हच्या मुठीवर पिळायचा, कीबोर्डवर तो पेज अप / पेज डाऊनवर आहे. इंजिन चालू झालं, पंखा फिरतोय, मी कलेक्टिव्ह ओढतोय आणि ते आरपीएम कमी झाल्याची शिट्टी मारत जमिनीला चिकटून. मी समजलो काठीच खराब झाली. थ्रॉटल फुल उघडलाच नव्हता.

आणि हे तर आत्ता लगेच कर, अपाचीतही चालतं: राइट कंट्रोल + एंटर. खाली डाव्या कोपऱ्यात लाल चौकट येते, त्यात काठी, पेडल, कलेक्टिव्ह नेमके कुठे आहेत ते दिसतं. रिप्ले लावून ती चौकट बघ. मी बघितलं तेव्हा लक्षात आलं की माझा काठीचा ठिपका अख्ख्या चौकटीत माशीसारखा भणभणतोय. चांगल्या माणसाचा ठिपका जागच्या जागी थरथरतो फक्त. हलवायचं, लगेच अर्धं परत आणायचं, बघायचं काय होतं, मग पुढचं. काठी हलवून ठेवून द्यायची नसते.

अजून ट्रिमबद्दल, म्हणजे काठीची आत्ताची जागाच मधली म्हणून धरायला लावणं. तुझ्या काठीला स्प्रिंग आहे, खऱ्या हेलिकॉप्टरात ती दाबून धरायला लागत नाही. तू पूर्ण वेळ स्प्रिंगशी झुंजत असशील तर मनगट दुखणार आणि बारीक हालचाल जमणारच नाही. फोर्स ट्रिमचं बटण अंगठ्याला ये-जा करता येईल असं लाव आणि स्पीड बदलला की ट्रिम, परत बदलला की परत ट्रिम. ऑप्शन्समध्ये ट्रिमर मोड आहे, त्यात काठी मध्यावर परत आली की मगच पुढची हालचाल घेतली जाते, ते निवड, नाहीतर बटण सोडल्या सोडल्या गचका बसतो. डेडझोन (मध्याजवळची जागा, जिथे काठी हलली तरी काही होत नाही) शून्य ठेव.

मागचा_बाक

मी हाइंड (एमआय-२४) आणि एमआय-८ वाला. ह्यूई घे, अपाची ठेव, काहीही कर, पण एक वर्षभर रशियन हेलिकॉप्टरांकडे फिरकू नकोस. त्यांचा पंखा उलटा फिरतो. अमेरिकन हेलिकॉप्टरात कलेक्टिव्ह ओढला की डावं पेडल, एमआय-८ आणि एमआय-२४ ला उजवं. मी अपाचीवरनं हाइंडला गेलो तेव्हा पहिला महिना प्रत्येक टेक-ऑफला पाय जुन्या सवयीने डावीकडेच जायचा. आता दोन्ही उडवतो, पण सीटवर बसल्यावर आधी तोंडाने म्हणतो, "आज उजवं." फ्रेंच गझेलही उलटंच फिरतं, आणि तुझ्या घरावरनं जाणारं चीतासुद्धा, ते मुळात फ्रेंच लामाच.

पण हाइंडने मला एक शिकवलं ते तुला आजच उपयोगी पडेल. हाइंडला ते आखूड पंख आहेत, स्पीडला असताना बरीच उचल तेच देतात, आणि दारूगोळा भरून ते हवेत थांबवायचं म्हणजे इंजिनाचा जीव जातो. म्हणून त्याला विमानासारखं पळवत उडवतात आणि पळवत उतरवतात. आपल्या हवाई दलाकडे हेच घराणं होतं, एमआय-२५ आणि एमआय-३५. १९८७ ला श्रीलंकेत ऑपरेशन पवनला एमआय-२५ गेली होती. आणि ज्या १२५ स्क्वाड्रनकडे ती होती त्यांनाच २०१९ ला पठाणकोटला अपाची मिळाली, म्हणजे तू उलट्या वाटेने चाललायस असंही नाही.

तर मुद्दा असा, अपाचीलाही चाकं आहेत. हवेत थांबून उतरायचा हट्ट सध्या सोड. रनवेवर ३०-४० नॉट्सने सपाट ये, टेलव्हील (शेपटीचं चाक) लॉक कर, मिनिटाला शंभर-दोनशे फुटांनी खाली येत चाकं टेकव आणि पळत जाऊन थांब. रोज दहा वेळा. मग दर दिवशी टेकवायचा स्पीड पाच-पाच नॉट्सने कमी करत जा. ज्या स्पीडला ते बसायला लागतं तिथे तुला आपोआप कळेल की आता ताकद लागतेय. सांगून कळत नाही ते, बुडाला कळावं लागतं.

निवृत्त_हँगर

मुलांनो, छान चाललंय, म्हणून लिहितो. मी आयुष्य चीता-चेतकच्या खाली, म्हणजे ग्राउंडवर काढलं, उडवलं कधी नाही. पण शिकणारी पोरं रोज बघितली. त्यांना पहिल्या दिवशी कोणी तिन्ही कंट्रोल देत नाही. इन्स्ट्रक्टर दोन स्वतःकडे ठेवतो आणि सांगतो, तू फक्त पेडल सांभाळ, नाक त्या झाडावर ठेव. मग फक्त कलेक्टिव्ह. काठी सगळ्यात शेवटी. तुम्ही घरी बसून तिन्ही एकदम धरता, शिवाय मिसाइल पण, मग कसं व्हायचं.

नातवाने त्याच्याकडचं अपाची दाखवलं मला. त्यात अल्टिट्यूड होल्ड आहे ना, तो लावला तर उंची ते स्वतः धरतं. तोच तुझा इन्स्ट्रक्टर समज. पन्नास फुटांवर होल्ड लाव आणि फक्त काठीने एका जागी राहायला शीक. ते जमलं की होल्ड काढ.

आणि चीताचा विषय निघालाय म्हणून सांगतो. २१ जून १९७२ ला ज्यां बुले नावाच्या फ्रेंच पायलटने लामा १२,४४२ मीटरवर नेलं, एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर. तिथे ताकद कमी करायला गेला आणि इंजिन विझलं, परत लागलं नाही. तो तिथनं नुसत्या फिरत्या पंख्यावर जमिनीपर्यंत आला, ऑटोरोटेशनने. हे हँगरमध्ये आम्हाला ऐकवायचे तेव्हा अंगावर काटा यायचा, अजून येतो. इंजिन बंद झालं की हेलिकॉप्टर पडतं असं लोक म्हणतात, तसं नसतं. उतरायला शिकलास की तेही शीक.

देवळाली_गाव

बारा दिवसांनी लिहितोय. काका, रोटरभाऊ, सगळ्यांनाच मनापासून धन्यवाद. ह्यूईची ट्रायल लावली होती, पण शेवटी अपाचीतच राहिलो. मागच्या बाकाने सांगितलं तसं आधी पळवत उतरवलं. चाळीस, पस्तीस, तीस. पंचवीसला खरंच कळलं, आवाज बदलतो आधी, एक थरथर येते सगळ्या कॉकपिटला आणि मग बसायला लागतं. तीन महिने ती थरथर ऐकू येत होती आणि मी ती बॅकग्राउंड समजून सोडून देत होतो.

लाल चौकट बघितली, माझाही ठिपका भणभणतच होता. मग काकांनी सांगितलं तसं उंचीचा होल्ड लावून बसलो, चार रात्री फक्त तेवढंच, एकही मिसाइल नाही. हेल्मेटच्या चित्रात मधनं जी रेघ निघते ती आपण कुठे सरकतोय ते दाखवते, आणि तो बारीक गोल ती रेघ *आता कुठे जाणार* ते दाखवतो. मी रेघेच्या मागे धावत होतो. गोल मध्यावर आणून ठेवला की रेघ आपोआप त्याच्या मागे येते. हे कळलं त्या रात्री पहिल्यांदा मिनिटभर एका जागी राहिलो.

काल सेनाकीला उतरलो. टॉर्कचा आकडा चढताना बघितला, डावं पेडल आधीच थोडं दिलं, डावं चाक आधी टेकलं, मग उजवं, मग शेपटी. कलेक्टिव्ह खाली घेतला आणि तसाच बसून राहिलो, पंखा फिरतोय, समोर रनवेचे दिवे. बायकोला उठवणार होतो दाखवायला, नाही उठवलं.

आता पुढचा प्रश्न. उतरताना खाली आणि बाजूला बघायला लागतं आणि ते माउसने करायला गेलं की हात काठीवरनं सुटतो. ट्रॅकआयआर (मान वळली की गेममधलं चित्र वळवणारं यंत्र) परवडत नाही सध्या.

रोटर_आरपीएम

वा! डावं चाक आधी टेकलं म्हणजे अगदी बरोबर, शेपटीच्या ढकलण्यासाठी काठी डावीकडे असते म्हणून ते डावीकडे झुकूनच उभं राहतं. जमिनीपासून पाच फुटांवर ते सरळ करायला जाऊ नकोस.

बघण्यासाठी ओपनट्रॅक टाक, फुकट आहे, त्यात साध्या वेबकॅमवर चेहरा ओळखणारा न्यूरलनेट ट्रॅकर आहे. खोलीत समोरनं उजेड हवा, रात्री मागचा दिवा लावलास तर चेहरा सापडत नाही त्याला. मान दहा अंश वळली की कॉकपिटमध्ये साठ-सत्तर अंश वळेल असा कर्व्ह ठेव, मध्यावर मात्र सपाट, नाहीतर श्वास घेतला तरी चित्र हलतं. आणि पैसे हातात आले की आधी रॅम ३२ कर, मग पेडल. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी.

मागचा_बाक

सेनाकीला टेलव्हील लॉक होतं ना? रविवारी रात्री ये सर्व्हरवर, पुढची सीट मी घेतो.