मदत हवी आहे: गुरगुरणे की गुरकावणे? (आज रात्रीपर्यंत)

पाटीपेन्सिल: मुलांच्या गोष्टीचं हस्तलिखित आज रात्री पाठवायचं आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. मी लिहिलंय, "ती गुरगुरली." तपासणाऱ्या बाई म्हणतात, यात राग दिसत नाही, शब्द बदला. "गुरकावली" करू का? की दोन्ही एकच? कोश बघून झालाय, कृपया तेच सांगू नका.

रानवाट: ती म्हणजे कोण? वाघीण असेल तर सरळ डरकाळी.

कोशप्रेमी: डरकाळी कशी चालेल? ती रानभर ऐकू जाते. समोरच्याला दात दाखवून घशातल्या घशात काढते ती गुरगुरच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात दोन्ही शब्द आहेत.

कृष्णाकाठ: एकच नाहीत. गुरगुरणं बराच वेळ चालू राहतं, समोर कुणी नसलं तरी. गुरकावणं कुणावर तरी असतं, आणि झटक्यात. "साहेब शिपायावर गुरकावले" म्हणतो ना, तसं. पण प्राणी कोणता ते सांगा आधी.

शाळामास्तर: हत्तीचा चीत्कार, सापाचा फूत्कार, घोड्याचं खिंकाळणं, म्हशीचं रेकणं, बैलाचं डुरकणं, माकडाचा भुभुःकार. हल्ली मुलांना यातले निम्मेही येत नाहीत. पाठ करून घ्या.

पाटीपेन्सिल: मांजर हो! पिल्लं आहेत आणि कुत्रा जवळ येतो.

मनीची_आई: मग बाईंचं बरोबर आहे. मांडीवर डोळे मिटून करते त्यालाही आमच्याकडे गुरगुरणंच म्हणतात. मुलांना वाटेल मनी खुशीत आहे. "फिस्कारली" लिहा.

कोशप्रेमी: खुशीची ती घुरघुर. रागाची गुरगुर. दोन्ही एकत्र करू नका.

मनीची_आई: कोशात असेल वेगळं. आमच्या कोल्हापुरात घरोघरी मांजर खुशीतच गुरगुरतं.

श्वानमित्र: कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला कधी मारू नका. तो "जवळ येऊ नको" एवढंच सांगत असतो. मार खाऊन गुरगुरणं थांबवलेला कुत्रा न सांगता चावतो.

रानवाट: मांजराच्या कुळात वाघ, सिंह, बिबट्या, जॅग्वार डरकाळी फोडतात. चित्त्याला ती जमत नाही, तो आपल्या मनीसारखा घुरघुरतो. आणि बिबट्याची हाक म्हणजे लाकडावर करवत चालवल्यासारखी. जुन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांना विचारा.

पाटीपेन्सिल: बिबट्या नको, कुत्र्याचंही विचारलेलं नाही. "फिस्कारली" पुढच्याच पानावर आहे, कुत्रा टोपलीत नाक घालतो तिथे. मला त्याच्या आधीचा आवाज हवाय, तो अजून दारात असतानाचा.

कृष्णाकाठ: हे आधी सांगायचं होतंत ताई! मग गुरगुरणंच ठेवा, गुरकावणं नको. फक्त क्रियापद एकटं सोडू नका. "कान मागे पाडून, पिल्लांसमोर आडवी होत ती गुरगुरू लागली." आता खुशीतली कोण म्हणेल?

कोशप्रेमी: अनुमोदन. "गुरगुरली"पेक्षा "गुरगुरू लागली" बरं, आवाज वाढत जातो.

मनीची_आई: वाक्य छान, पण क्रम चुकला. आमची आधी फिस्कारते, मग खालच्या पट्टीत गुरगुरत बसते. पानं उलटी करा.

कृष्णाकाठ: दारातल्या कुत्र्यावर लगेच कशाला फिस्कारेल? लांब आहे तोवर गुरगुर, नाक आलं की फिस्कार.

पाटीपेन्सिल: कान मागे पाडलेलं वाक्य घेतलं, बाईंनाही पटलं. पानं आहेत तशीच ठेवतेय, चित्रं काढून झाली आहेत. पाठवते आता.

मनीची_आई: चित्रात शेपूट फुगवलीय ना?