मदत हवी आहे: मेथी आडवी पडली, आलेख मात्र चढताच

रेवाची_आई: नमस्कार. मुलीने प्रकल्पासाठी कुंडीत मेथी पेरली असून ती रोज पट्टीने उंची मोजून आलेख काढते. आलेख झपाट्याने चढत आहे, परंतु रोपे पिवळट व दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडली आहेत. सादरीकरण जवळ आले आहे. कोणते खत घालावे, ते कृपया लवकर सांगावे.

बांधावरचा: इयत्ता कोणती, कुंडी कोठे आहे, ऊन किती मिळते, हे कळल्याशिवाय खताचे काय सांगणार?

गच्चीतला_मळा: मातीच वापरू नका. कोकोपीट आणि गांडूळखत घेतल्यापासून माझ्याकडे सगळे उत्तम येते.

बांधावरचा: कोकोपीटमध्ये पोषण नावालाच असते, आणि मुलांच्या हाताला माती लागली पाहिजे. आमच्याकडे पोरे क्षेत्रफळ शेतातच शिकतात: 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे 1089 चौरस फुटांचा एक गुंठा आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर.

गच्चीतला_मळा: बाल्कनीत गुंठा कोठून आणायचा, दादा?

निवृत्त_गुरुजी: हाताच्या कामातून शिक्षण हा विचार गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडलाच होता. पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम मुलांना असेच काम करत शिकवतो, तो मुलीला अवश्य दाखवावा.

हिरवी_मिरची: मिरचीवर बोकड्या (पाने आकसण्याचा रोग) आला असेल, तर निंबोळी अर्क फवारावा.

रेवाची_आई: मेथीबद्दल विचारले होते. इयत्ता सहावी. कबुतरे बी टिपतात, म्हणून कुंडी स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली आहे. तेथे ऊन येत नाही.

पेरते_व्हा: मग खत नकोच. उजेड कमी पडला की अंकुर बियांतला साठा खर्चून नुसता लांबत जातो. आलेख खरा आहे, फक्त उंची म्हणजे जोम नव्हे. तशाच कुंडीत, त्याच मातीत आजच दुसरी मेथी पेरून, वर जाळी बांधून ती उन्हात ठेवा आणि पहिल्या कुंडीच्या नोंदींशेजारी तिची रेषा त्याच आलेखावर काढू द्या. उंचीसोबत पानेही मोजायला सांगा.

रेवाची_आई: सादरीकरण दहा दिवसांवर आहे. तेवढ्यात पाने येतील का?

पेरते_व्हा: मेथी तीन-चार दिवसांत उगवते. सुरुवातीची जाडसर जोडी बियांच्या दलांची असते, ती मोजू नये. त्यानंतरचे पहिले पान एकेरी येते, पुढची तीन-तीन पर्णिकांची. दहा दिवसांत निदान ते एकेरी पान दिसावे.