पुरात बुडालेली मामाजींची इलेक्ट्रिक गिटार: कबाडातला नेक लावू की जुनाच वाचवू?

गणेशपेठ_वाइंडिंग

नमस्कार. आमचं नागपूरच्या गणेशपेठेत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, मी बाबांसोबत तिथंच बसते. कूलरचे पंप, पंखे, मिक्सर रोज हातात असतात. गिटार पहिल्यांदाच उघडून राहिली आहे.

गिटार माझ्या मामाजींची. १९७० च्या दशकात ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे, गणपतीच्या दहा दिवसांत एकही रात्र घरी नसायचे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. गिटार दिवाणाच्या पेटीत होती. आधी गाद्या, कागदपत्रं, फ्रिज, सगळं आवरण्यात दिवस गेले. पेटी उघडली तेव्हा अकरा दिवस झाले होते आणि आत बोटभर गाळ होता.

आत्ताची स्थिती सांगते. मागच्या धातूच्या प्लेटवर ‘मेड इन जपान’ एवढंच वाचता येतं, कंपनीचं नाव गंजानं खाल्लं. बॉडी प्लायची आहे, खालच्या कडेला थर सुटले आहेत, पण बाकी घट्ट आहे. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, पिळला आहे. टोकाकडून एका डोळ्यानं पाहिलं तर दोन कडा एकमेकींना समांतर दिसत नाहीत. फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) मात्र नेकपासून अख्खा सुटून आला, फ्रेटसकट, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांसकट. त्यावर पाचव्या आणि सातव्या फ्रेटच्या मधे, तिसऱ्या तारेखाली, लाकूड झिजून खळगा झाला आहे. माझं बोट त्यात बसतं. पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबक-कॉइल, दोन आहेत. एक मीटरवर ५.८ किलोओहम दाखवतो, दुसरा ओपन, म्हणजे आत कुठंतरी तार तुटलेली.

एका कबाड्याकडून ३५० रुपयांत फुटकी गिटार आणली आहे. बॉडीचे दोन तुकडे, पण नेक सरळ आहे. अडचण अशी की तिच्या नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिमी भरतात आणि मामाजींच्या फिंगरबोर्डवर ३१४. हा नेक लावला तर सूर लागेल का? आणि मेलेला पिकअप मी आमच्या मशीनवर भरू शकते का? मामाजी म्हणतात, “भिंतीवर टांगायला दुरुस्त करू नको, वाजली पाहिजे.”

इतवारीचा_रेडिओ

बेटा, पिकअपचं मी सांगतो, चाळीस वर्षं व्हॉल्व्हचे रेडिओ खोलले आहेत.

आधी पूर्ण उकलू नको. दहापैकी सहा-सात वेळा तार टोकाशी तुटलेली असते, जिथं बारीक तार जाड वायरला डागलेली असते तिथं. पाण्यानं तिथं हिरवा गंज चढतो. भिंगाखाली बाहेरचं टोक पाहा, पन्नास-साठ फेरे उकल, प्रत्येक वेळी मीटर लाव. आकडा आला तर तिथंच डाग दे आणि काम संपलं. आतपर्यंत हिरवं दिसलं तर मात्र नवीन भरणं आलं.

तार तुमच्या दुकानातली चालणार नाही. कूलरच्या पंपाची तार हिच्यापुढे दोरखंड आहे. सिंगल कॉइल पिकअपला बहुतेक ४२ नंबर अमेरिकन गेज असते, जाडी ०.०६३ मिमी, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. आपल्याकडे स्टँडर्ड वायर गेजमध्ये ४६ नंबर माग, ती ०.०६१ मिमी. पण तुझी मूळ तार हीच आहे का ते मायक्रोमीटरनं पाहून मगच घे. फेऱ्यांचा आकडा माहीत नसला तरी अडत नाही. जुनी तार उकललीस की एक तुकडाही टाकू नकोस, सगळी गोळा करून इतवारीच्या सराफ्यात सोन्याच्या काट्यावर तोल. ५.८ किलोओहमच्या कॉइलमध्ये ही तार साधारण १,०६० मीटर बसते, वजन ३० ग्रॅमच्या आसपास येईल. नवीन तितकीच भरायची. तुझ्याकडे जोडीचा दुसरा पिकअप जिवंत आहे, तोच तुझा नमुना.

मशीन हळू चालव. तार नमद्याच्या दोन तुकड्यांतून सोड, बोटानं ओढू नकोस. भरून झाल्यावर मेणात बुडव. पॅराफिन ६५ अंशांच्या वर नको, नाहीतर प्लॅस्टिकची बॉबिन वाकेल, आणि भांडं थेट आचेवर ठेवू नकोस, पाण्याच्या भांड्यात ठेव. मेण नसलं तर आवाज वाढवल्यावर कॉइल स्वतःच थरथरते आणि शिट्टी मारते.

व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण) गंजला असेल तर माझ्याकडे जुन्या रेडिओचे ५०० किलोओहमचे लॉग पॉट पडून आहेत. एखादा घेऊन जा. पैसे नको.

लकडगंज_रंधा

ताई, नेकचं बोलतो. कबाडातला नेक लागेल, सूरही लागेल. फ्रेट एकमेकांशी बरोबर असतात, फक्त ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारांचा टेकू, त्यांच्या हिशेबानं हवा. नटपासून बाराव्या फ्रेटचं अंतर दुप्पट करा, ३२४ चे ६४८ झाले. पहिली तार तिथं टेकली पाहिजे, सहावी त्याहून तीनेक मिमी मागे. म्हणजे तुमचा ब्रिज सरकणार आणि जुन्या भोकांना लाकडाच्या खुंट्या ठोकाव्या लागणार.

पण मी असं करणार नाही. तुमच्याकडे मामाजींचा फिंगरबोर्ड अख्खा आहे. पिळलेला नेक सरळ करण्याच्या नादी लागू नका, उष्णतेनं वाकवलात तर पुढच्या पावसाळ्यात परत जाईल. त्या मापाचा नवीन नेक कोरा आणि त्यावर जुना बोर्ड चिकटवा. माप ६२८ च राहील, ब्रिज जागचा हलणार नाही.

लाकूड नवीन घेऊ नका. महाल भागातले जुने वाडे पडतात तेव्हा सागाचे वासे लकडगंजात येतात. ऐंशी-नव्वद उन्हाळे खाल्लेलं लाकूड आता काय हलणार! कापलेल्या टोकावर रेषा उभ्या असतील असा तुकडा निवडा. खिळ्यांची भोकं टाळा. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसा आणि पुसल्यावर लगेच चिकटवा. बोर्ड सुटला कारण तो बहुधा सरसानं जोडलेला होता आणि सरस पाण्यात सुटतो. तुम्ही २४ तासांचं दोन भागांचं इपॉक्सी वापरा, त्यात पाणी नाही. सहा तारांचा ताण मिळून चाळीसेक किलो असतो, त्यामुळे आत लोखंड हवंच. कबाडातल्या नेकवरचा बोर्ड इस्त्रीनं तापवून उचला, आतला ट्रस रॉड, म्हणजे ताण पेलणारी लोखंडी सळी, काढून घ्या. ट्यूनिंगच्या खुंट्याही त्याच्याच.

बॉडीच्या सुटलेल्या थरांत पातळ ग्लू सिरिंजनं सोडा आणि शिकंजा लावा. उन्हात ठेवू नका, मे महिन्यात तर अजिबात नाही.

सहा_तारा

एकच गोष्ट सांगतो, कारण कोणी बोललं नाही. मामाजींचा अँप्लिफायरही त्याच काळातला, दोन पिनांचा असेल तर त्यात गिटार लावू नका. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे अँपच्या पत्र्याला. आत काही शॉर्ट झालं तर २३० व्होल्ट सरळ वाजवणाऱ्याच्या बोटात. आधी तीन पिनांची वायर आणि पक्की अर्थिंग.

गणेशपेठ_वाइंडिंग

चार महिन्यांनी लिहून राहिली आहे, सगळ्यांना सांगायचं होतं.

पिकअप टोकाशी नाही, मधेच गेला होता. उकलता उकलता अर्ध्यावर हिरवी तार लागली आणि पुढे हातात चुराच आला. चुऱ्यासकट तोलली, सराफानं काहीच विचारलं नाही, २९ ग्रॅम भरली. ४६ नंबरची तार दोनदा तुटली. तिसऱ्यांदा रात्री, दुकान बंद करून, पंखे बंद करून भरली, कारण हवेनंही ती हलते. पूर्ण झाल्यावर मीटरवर ६.३ आले. मला वाटलं जास्त भरली. बाबा म्हणाले, बाहेर ४३ अंश आहेत, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, तू जिवंत पिकअप आत्ता मोज. मोजला. त्याचेही ६.२ आले. जानेवारीत तोच ५.८ होता!

नेक रंधावाल्या दादांनी सांगितला तसाच केला. वासा महालातल्या वाड्याचा मिळाला, रंधा मारल्यावर आतून मधासारखा रंग निघाला. सागाचा वास तीन दिवस दुकानात होता. कोरायला दादा स्वतः आले, त्यांचं नाव इथं लिहू नको म्हणाले. त्यावर नुसता लाखेचा हात दिला आहे, मूळ रंगाशी जुळवायला गेले नाही. जोड दिसतो. दिसू दे.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि त्याच जागी नुसतं टेकवून काढलेला सूर जुळवत बसले. सहाव्या तारेचा दाबलेला चढा येत होता, ब्रिजवरची सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घेतल्यावर बसला. पॉट इतवारीच्या काकांचा. अँपला तीन पिना लावल्या, अर्थिंग अर्थ मेगरनं (अर्थिंग मोजायच्या मीटरनं) तपासून घेतली.

रविवारी मामाजींना दिली. त्यांनी आधी डाव्या हाताचा अंगठा नेकच्या मागून वरखाली फिरवला आणि म्हणाले, “हे माझं नाही.” मग बोटं तिसऱ्या तारेवर गेली, पाचव्या फ्रेटच्या पुढे, त्या खळग्यात. तिथंच थांबली. थोड्या वेळानं म्हणाले, “तार जाड लावलीस, मी बारीक, नऊची लावायचो.”

नऊचा सेट उद्या आणते.