मित्रांच्या ग्रुपमध्ये वॉरगेमची मोहीम शेवटपर्यंत कशी न्यावी? मदत हवी आहे

तिरका फासा

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जण टेबलटॉप वॉरगेम, म्हणजे टेबलावर छोट्या शिपायांची सैन्यं मांडून फाशांवर लढायचे खेळ, खेळतो. क्लब, वर्गणी, अध्यक्ष असलं काही नाही. ज्याचं टेबल मोकळं त्याच्याकडे जमायचं आणि खेळायचं. सुटे सामने मस्त रंगतात, पण मोहीम म्हटली की घोडं पेंड खातं.

हा प्रकार ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: मोहीम म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या लढाया. आज मी पूल राखला तर पुढच्या वेळी माझी कुमक त्या पुलावरून येणार, हरलो तर उरलेल्या सैन्यावरच भागवायचं. ऐकूनच अंगावर मूठभर मांस चढतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. षटकोनी घरांचा मोठा नकाशा काढला, सहा जणांची सहा राज्यं केली. महसूल, रसद, किल्ल्यांची डागडुजी, सगळ्याचे तक्ते. पहिल्या फेऱ्या जोरात झाल्या. मग सुरुवातीलाच ज्याने दोन लढाया मारल्या तो इतका फुगला की त्याच्या वाटेला कोणी जाईना. जो हरला त्याला नेमकी त्याच सुमारास घरची कामं निघाली. नकाशावर माझी गाठ ज्याच्याशी पडली तोच गैरहजर, आमच्या निकालावर बाकीच्यांच्या चाली अडलेल्या, म्हणजे सगळंच भिजत घोंगडं. मोहीम संपली असं कोणी म्हणत नाही, नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गप्प होतो.

वर वादावादी आहेच. टेकडीच्या उतारावरची तुकडी आडोशाला धरायची की उघड्यावर, यात अख्खी संध्याकाळ जाते. शिवाय सैन्यांचा मेळ नाही. एकाकडे २८ मिमी उंच शिपायांचं सुंदर रंगवलेलं सैन्य, दुसऱ्याकडे १५ मिमीच्या शिपायांचं, आणि एक जण दर वेळी उसनं घेणारा.

जाणकारांनी सांगावं, अशा अनियमित हजेरीत टिकेल अशी मोहीम कशी आखायची? हरणाऱ्याला शेवटपर्यंत यावंसं कसं वाटेल? आणि पंच कोणी व्हायचं? 'दुसरा ग्रुप शोधा' हे उत्तर नको, मित्र चांगले आहेत.

जुना पंच

सहा राज्यं हा रोग आहे, बाकी सगळी लक्षणं.

जरा हिशेब करून बघा. तुमच्यातला प्रत्येक जण पाचांतल्या चार वेळा हजर असतो असं धरू. ही बरीच चांगली हजेरी झाली. तरीही सहाच्या सहा जण एकाच दिवशी असण्याची शक्यता जेमतेम २६ टक्के येते, कारण ०.८ ला सहा वेळा गुणावं लागतं. म्हणजे चारांतल्या तीन बैठका तुमच्या नियमांप्रमाणे अर्धवटच. तेच 'किमान चार आले की डाव होणार' असं ठरवलंत तर शक्यता ९० टक्क्यांवर जाते. माणसं तीच, नियम बदलला.

म्हणून दोन पक्ष करा, तिघे इकडे, तिघे तिकडे. सैन्य पक्षाचं, माणसाचं नाही. जो आला तो समोर असेल ती तुकडी चालवेल, न आलेल्याचे मोहरे जोडीदार हलवेल. मग 'अमक्याची तमक्याशी लढाई' ही भानगडच उरत नाही. वेगवेगळी राज्यं केली की एक माणूस गळला आणि नकाशाला भोक पडलं. पक्षात एक गळला तर फक्त काम वाढतं.

दुसरं, फेऱ्या आधीच ठरवा. पाच पुष्कळ झाल्या. पाचवी फेरी संपली की ज्याचे गुण जास्त तो जिंकला, मग नकाशा कितीही अर्धवट दिसो. 'शेवटचं राज्य पडेपर्यंत' असं म्हटलेली एकही मोहीम मी संपलेली पाहिलेली नाही.

तिसरं, लढाई राहून गेली तर पुढच्या बैठकीच्या आधी ती फाशावर उरकायची. दोन्ही बाजूंनी एकेक फासा, ज्याचं सैन्य मोठं त्याला एक जादा, बरोबरी झाली तर बचाव करणारा टिकला. हरलेला एक घर मागे हटतो, सैन्य शाबूत. निकाल कोणाला आवडत नाही, पण घोंगडं भिजत पडत नाही. आणि न आवडणारा निकाल टाळायला लोक येतात हेही खरं.

मागची फळी

+१. आणि ते महसुलाचे तक्ते आधी केराच्या टोपलीत टाका. दोन बैठकांच्या मधलं सगळं काम एका मेसेजमध्ये मावत नसेल तर ते कोणी करत नाही. करतो तो एकटा धागाकर्ता, आणि मग तोच चिडतो.

गणिती घोडदळ

जिंकणारा फुगतो म्हणालात, त्यात कोणाचा दोष नाही, गणितच तसं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात यावर समीकरणं मांडली. दोन्हीकडचे सगळे एकमेकांवर नेम धरून मारू शकत असतील, तर बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात मोजावं लागतं.

तुमच्या टेबलावर आणून बघा. सारख्याच दर्जाचे ६० विरुद्ध ४०. आपल्याला वाटतं, ४० मेले की समोरच्याचे २० उरतील. पण ६० चा वर्ग ३६००, ४० चा १६००, वजाबाकी २०००, वर्गमूळ साधारण ४५. चाळीस साफ झाले आणि साठांतले पंचेचाळीस जसेच्या तसे उभे! आता हेच पंचेचाळीस घेऊन तो पुढच्या दुबळ्या शेजाऱ्यावर जाणार. फासे आणि आडोसे यामुळे टेबलावर आकडे हुबेहूब असे येत नाहीत, पण कल तोच.

म्हणून माझा नियम: जिंकणाऱ्याला बळ देऊ नका, निवड द्या. पुढची लढाई कुठे होणार हे तो ठरवेल, टेबलाची बाजू तो निवडेल, किंवा पहिली चाल त्याची. सैन्य मात्र दोन्हीकडे दर लढाईला ठरलेल्या गुणांचंच (इथे गुण म्हणजे तुकड्यांची किंमत). जिंकल्याचं सुख मिळतं आणि समोरच्याची कंबर मोडत नाही.

हरणाऱ्याला हात देणं ही काही खोगीरभरती नव्हे, नावाजलेल्या खेळांतही ते आहे. टोळ्यांच्या लढायांचा खेळ असलेल्या १९९९ च्या मॉर्डहाइममध्ये तुमच्याहून वरचढ टोळीशी लढलात तर वाचलेल्यांना जादा अनुभव मिळतो. ब्लड बोल या काल्पनिक फुटबॉलच्या खेळात कमी किमतीच्या संघाला त्या सामन्यापुरती जादा मदत घेता येते. दोन्ही खेळ लांबलचक स्पर्धांमध्ये टिकले ते उगाच नाही.

कागदी तोफ

सैन्याच्या मेळाबद्दल. सगळ्यांनी नवीन सैन्य घ्यावं असं ठरवलंत तर मोहीम रंगाच्या डब्यातच बुडेल. एकच बेस ठरवा. समजा प्रत्येक तुकडी चार सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीवर. पट्टीवर १५ मिमीचे शिपाई आहेत की कार्डबोर्डवर चिकटवलेली चित्रं, नियमांना काही फरक पडत नाही, कारण मोजणी पट्टीच्या कडेपासून होते. २८ वाल्याने आपले शिपाई तसल्याच पट्टीवर तात्पुरते चिकटवावेत, मावतील तितके. उसन्यावाल्याला सरळ कागदी सैन्य द्या. प्रिंट काढून, मधोमध दुमडून, खाली पट्टी लावली की एका बैठकीत एक फौज तयार होते.

आणि लहान खेळा हो! डीबीए नावाचा जुना नियमसंच आहे, १९९० चा. प्रत्येक बाजूला फक्त बारा तुकड्या, १५ मिमीला साधारण दोन फूट चौरस पट पुरतो, आणि लढाई तासाभरात आटपते. एका संध्याकाळी दोन-तीन लढाया झाल्या की मोहीम आपोआप पळते. अर्धा दिवस खाणारी एक लढाई घेऊन मोहीम खेळणं मला तरी कधी जमलेलं पाहायला मिळालं नाही.

फांदीवरचा तोफची

मी थोडा वेगळा सूर लावतो. नकाशाच कशाला हवा? झाडासारखी मोहीम करा. पहिली लढाई नदीच्या उतारावर. आक्रमक जिंकला तर दुसरी लढाई गावाच्या वेशीवर, हरला तर त्याच्या माघारीची, जिथे त्याला सामानाच्या गाड्या वाचवायच्या आहेत. त्या दोन्हींतून पुढचे फाटे. पाच-सहा प्रसंग लिहून ठेवले की झालं, त्यातले तीन खेळले जातील. माघारीची लढाई तर हरणाऱ्याच्याच बाजूने लिहा: गाड्यांपैकी निम्म्या पटाच्या पलीकडे गेल्या की तो जिंकला, सैन्य किती मेलं ते कोण विचारतो. आमच्याकडे सगळ्यात चुरशीची झाली ती हीच.

जुना पंच

झाड चांगलं, पण नकाशावर कट शिजवायची मजा त्यात नाही. ज्यांना घरी बसून खलबतं करायला आवडतात त्यांच्या तोंडाला पानं पुसली जातात.

तिरका फासा

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. दोन पक्ष हे पटलं. २६ टक्क्यांचा हिशेब ग्रुपवर टाकला, तेव्हा कुठे मंडळी जागी झाली.

आता पंचाचं सांगा. आमच्यातला एक नियमपुस्तक तोंडपाठ असलेला आहे. त्याला पंच केलं तर खेळणारा एक कमी, आणि खेळायला बसवलं तर तो दर चालीला हरकत घेतो. शिवाय चाली लपवायच्या असतील तर त्या कोणाला तरी कळायला हव्यातच ना?

जुना पंच

हे भांडण दोनशे वर्षं जुनं आहे, त्यामुळे धीर धरा. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये 'क्रीगस्पील' या युद्धखेळाचे नियम छापले, तेव्हा पंच होताच. दोन्ही बाजू चिठ्ठीवर हुकूम लिहायच्या, पंच खरे मोहरे हलवायचा आणि ज्याला जेवढं दिसेल तेवढंच दाखवायचा. पण तक्ते इतके की डाव पुढे सरकेना. मग १८७६ मध्ये फेर्डी दु फेर्न्वा या सेनानीने म्हटलं, तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला आपल्या अकलेने निकाल देऊ द्या. म्हणजे तुमच्या टेकडीच्या उताराचा वाद त्यांनीही घातलेला आहे.

तुम्हाला पूर्णवेळ पंच नको. टेबलावर एवढंच करा: शंका आली की दोन मिनिटं पुस्तकात बघायचं. नाही सापडलं तर दोन्ही बाजू आपापलं म्हणणं एका वाक्यात सांगतील आणि फासा टाकायचा. १ ते ३ याचं, ४ ते ६ त्याचं. खरा नियम घरी जाऊन शोधायचा आणि पुढच्या वेळेपासून लावायचा, मागचा निकाल उकरायचा नाही. तुमच्या पाठांतरवाल्या मित्राकडे हे शोधायचं काम सोपवा. हरकत घेण्याची हौस भागते, आणि ती चुकीच्या वेळी भागत नाही.

आणि आडोशाचा वाद डाव सुरू व्हायच्या आधी मिटवा. टेबल मांडून झालं की दोन्ही बाजूंनी मिळून एकेका वस्तूवर बोट ठेवून बोलायचं: ही टेकडी इथून वर, कडेला बेसचा अर्ध्याहून जास्त भाग आत असेल तर आत, हे रान दिसायला विरळ असलं तरी पलीकडचं दिसत नाही, हा ओढा ओलांडायला अर्धी चाल. पाच मिनिटं लागतात. मी तर रानाची हद्द दाखवायला खाली फेल्टचा तुकडा कापून ठेवतो, झाडं हलवली तरी हद्द हलत नाही.

लपवलेल्या चालींनाही पंच लागत नाही. १९५९ च्या डिप्लोमसी या पटावरच्या खेळात सगळे जण हुकूम लिहितात आणि एकदम उघडतात. तुम्ही नकाशावरच्या चाली तशाच करा. दोन्ही पक्षांनी ठरलेल्या वेळी आपल्या मेसेजचा फोटो एकाच मिनिटाला टाकायचा.

मागची फळी

एकाच मिनिटाला? आमच्या ग्रुपात तर 'नेट गेलं होतं' म्हणत समोरच्याचा फोटो बघून हुकूम बदलणारे महाभाग आहेत. चिठ्ठ्याच बऱ्या. बैठक संपताना लिहून एका पाकिटात बंद करायच्या, पुढच्या बैठकीला सगळ्यांसमोर फोडायच्या.

तिरका फासा

पाकीट आवडलं. आता ठरलं ते असं: दोन पक्ष, पाच फेऱ्या, पंधराच घरांचा नकाशा, दर लढाईला बारा तुकड्या, जिंकणाऱ्याला पुढच्या मैदानाची निवड. फाशाचा निकाल आणि दोन मिनिटांचा नियमही घेतले. पाठांतरवाला चक्क खूश आहे.

एकच शेवटचं. पाच जण आले तर? तीन विरुद्ध दोन बसलं की दोघांची बाजू कुरकुर करते.

गणिती घोडदळ

मेमॉइर ४४ या दुसऱ्या महायुद्धावरच्या पटखेळाच्या ओव्हरलॉर्ड प्रकारात आठ जणांपर्यंत खेळता येतं. प्रत्येक बाजूला एक सरसेनापती आणि हाताखाली डावी, मधली, उजवी फळी सांभाळणारे तिघे, पत्ते सरसेनापती वाटतो. तुमच्याकडे पत्ते नाहीत, पण पदांची वाटणी उचला. तिघांच्या बाजूला एक सरसेनापती, त्याने मोहऱ्यांना हात लावायचा नाही, चाल सुरू होण्याआधी दोघांना एकेक वाक्याचा हुकूम द्यायचा. लढाईत बोलायचं नाही. म्हणजे टेबलावर दोन विरुद्ध दोनच राहतात.

कुरकुर आता त्या सरसेनापतीची सुरू होईल, तेव्हा दर बैठकीला पद फिरवा.

कागदी तोफ

किंवा पाचव्याला दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा पुढारी करा. त्याच्याकडे तीनच तुकड्या, आणि डाव संपेपर्यंत पटावरची तीनही गावं जळाली नाहीत तर तो जिंकला. दोन्ही बाजू त्याला आपल्याकडे ओढायला बघतात, आणि उसन्या सैन्यावरही हे भागतं.